चुकून हाती आलेले धन

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, वसतिगृह, शिष्यवृत्ती अशा विषयांवर विद्वानांची भाषणे होतात. माझा आजचा विषय ऐकून मात्र आपल्यापैकी कित्येकांच्या कपाळाला आठी पडेल. तो विषय आहे जुगारगृहाचा, ज्याला हल्ली लहानथोर सर्वजण कॅसिनो म्हणतात त्याचा. कार्यकारी मंडळाने विषय विचारला तेव्हा मी तो भीत भीतच सांगितला. 'मास्तर, संमेलनात आणि जुगार?' असे चिटणीसांनी विचारलेही. परंतु सोनाराने कान टोचावे अशी म्हण आहे, आणि आपण तर दैवज्ञ. तेव्हा हे काम दुसऱ्या कोणावर ढकलणे बरे नव्हे.

जुगार वाईट, एवढेच सांगण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. ते धर्मराजाच्या काळापासून सांगून झाले आहे, आणि ज्यांना ऐकायचे नव्हते त्यांनी ते ऐकलेले नाही. माझा प्रश्न त्याहून लहान व नेमका आहे. एखादा मनुष्य कॅसिनोत गेला, पैसे घेऊन घरी आला, आणि मागाहून कॅसिनोने कळविले की, 'तुम्हांला चुकून जास्त पैसे दिले गेले आहेत, ते परत करा', तर त्याने काय करावे? हा प्रश्न चार उनाडांचा आहे असे कोणी समजू नये. जास्तीचे पैसे बँकेकडून, पेढीवरून, गिऱ्हाइकाकडून, कोणाकडूनही येऊ शकतात. कॅसिनोत त्या प्रश्नाला धार अधिक, इतकेच.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आपल्या ज्ञातीतील एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्या घरी आले. मुलगा माझा जुना विद्यार्थी. त्याच्या संमतीने ही हकिगत सांगत आहे. त्याचे नाव, गाव आणि त्या कॅसिनोचे नाव मात्र सांगणार नाही. मुलगा पुण्यास नोकरीला आहे. कचेरीतील मित्रांसमवेत तो गोव्यास गेला, आणि पणजीला मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या ज्या बोटी नांगरलेल्या असतात त्यांपैकी एकीवर त्यांनी रात्र घालविली. तेथे खेळ रोख पैशांवर चालत नाही. पैशांच्या बदली चकत्या देतात, त्यांना चिप्स म्हणतात, आणि प्रत्येकीवर तिची किंमत छापलेली असते. खेळ आटोपला की चकत्या खिडकीवर द्यायच्या आणि रोख रक्कम घ्यायची. मुलगा त्या रात्री जिंकला होता. खिडकीवरील कारकुनाने त्याच्या हाती ८६,००० रुपये ठेवले.

नवव्या दिवशी फोन आला. 'आमच्या हिशेबात तूट आली आहे. तुम्हांला ५०,००० रुपये जास्त गेले आहेत. दोन दिवसांत या मोबाइल क्रमांकावर पाठवा, नाहीतर पोलिसांत तक्रार देऊ.'

घरात दोन पक्ष पडले. वडील म्हणाले, 'आजच्या आज पाठव आणि मोकळा हो. ज्ञातीत बभ्रा झाला तर बहिणीच्या लग्नात अडचण येईल.' मित्र म्हणाले, 'एक पैसाही देऊ नकोस. ते रोज शेकडो लोकांना नागवतात. एकदा त्यांचीच चूक झाली तर बिघडले कुठे?' दोन्ही पक्षांचे ऐकून मुलाची झोप उडाली होती.

मी वडिलांना ओसरीवर बसविले, मुलाला आत नेले आणि एकच विचारले, 'चकत्या खिडकीवर देण्यापूर्वी तू मोजल्या होत्यास का?'

गृहपाठ न केलेला विद्यार्थी जसा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहतो, तसा तो पाहू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, 'मोजल्या होत्या, मास्तर. ४६,००० च्या होत्या.'

'मग ८६,००० हाती आले तेव्हा तुला काय वाटले?'

'वाटले, देवाने दिले.'

मंडळी, चुकून आलेल्या पैशाला मनुष्य प्रथम देवाचे नाव देतो, कारण मग कारकुनाचे नाव घ्यावे लागत नाही. मी त्याला रागावलो नाही. त्या खिडकीसमोर आपणही उभे असतो तर हात मागे घेतलाच असता, असे छातीवर हात ठेवून किती जण सांगू शकतील?

आता आकड्यांकडे लक्ष द्या. ८६,००० मधून ४६,००० वजा जाता ४०,००० उरतात. मग कॅसिनो ५०,००० कसे मागतो? म्हणजे मुलाने सत्य लपविले होते हे खरे, पण मागणाऱ्याचाही हिशेब सरळ नव्हता. वडिलांचा मार्ग पत्करला असता तर १०,००० रुपये नाहक गेले असते. मित्रांचा मार्ग पत्करला असता तर ४०,००० रुपये परक्याचे घरात राहिले असते.

माझ्या वडिलांचे दागिने घडविण्याचे लहानसे दुकान होते. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्यात शहाण्णव गुंजा, हे गणित मी शाळेत जाण्यापूर्वी त्यांच्या बैठकीशेजारी बसून शिकलो. वजनाबद्दल तक्रार आली की ते वाद घालीत नसत आणि लगेच पैसेही काढून देत नसत. गिऱ्हाइकासमोर काटा पुन्हा लावीत. काटा जे सांगेल ते मात्र त्याच बैठकीत चुकते करीत, मग ते आपल्या तोट्याचे असले तरी. 'आधी काटा, मग बोलणे' हा त्यांचा नियम. त्या मुलाला मी हाच नियम सांगितला, आणि आज आपल्यालाही मला तेवढेच सांगावयाचे आहे.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, तेही पाहू. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या ३० व्या कलमाप्रमाणे पैजेचा करार निरर्थक ठरतो, आणि पैजेत जिंकलेली रक्कम वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. असा करार निरर्थक असला तरी तेवढ्याने बेकायदेशीर ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली स्पष्ट केले. गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना आणि १९९६ साली जहाजांवरील खेळांना मुभा मिळाली. त्यामुळे परवान्याने चाललेला खेळ तेथे गुन्हा नाही, परंतु जिंकलेले पैसे न्यायालयातून हमखास वसूल करून मिळतील असे त्यावरून समजून चालू नये. आपल्या महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही, आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

उलटपक्षी, त्याच करार कायद्याचे ७२ वे कलम म्हणते की, ज्याला चुकीने पैसे दिले गेले त्याने ते परत केले पाहिजेत. या दोन कलमांचा एकत्र विचार केला म्हणजे कॅसिनोत जाणाऱ्याची खरी स्थिती कळते. कॅसिनोने जिंकलेले पैसे दिले नाहीत, तर खेळणाऱ्याचा दावा लंगडा. कॅसिनोने चुकून जास्त दिले, तर त्याचा दावा मात्र दोन्ही पायांवर उभा. शिवाय जास्तीची रक्कम आहे हे कळूनही ती दडपून ठेवणाऱ्यावर अप्रामाणिकपणे अपहार केल्याचा आरोप येऊ शकतो, तो वेगळाच.

परदेशात असे वाद थेट वरिष्ठ न्यायालयांपर्यंत गेले आहेत. त्यांतील चार सांगतो, कारण 'चूक' या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या गोष्टी कशा लपतात हे त्यांवरून दिसते.

पहिला वाद यंत्राच्या बिघाडाचा. अमेरिकेच्या आयोवा राज्यात २०११ साली एक वृद्ध बाई अगदी हलक्या पैशांच्या यंत्रावर खेळत होत्या. पडद्यावर अक्षरे उमटली की, त्यांना ४,१७,९७,५५० डॉलर आणि वर १६ सेंट इतके बक्षीस लागले आहे. खेळाच्या नियमांप्रमाणे त्यांना लागले होते अवघे १ डॉलर ८५ सेंट. यंत्र बिघडल्यास खेळ व देणे रद्द, अशी सूचना यंत्रावर होती, आणि नियमांत अशा बक्षिसाची तरतूदच नव्हती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निकाल दिला की, खेळाचे नियम हाच उभयतांमधील करार. बाईंना ते कोट्यवधी डॉलर मिळाले नाहीत.

दुसरा वाद दिसायला तसाच, पण निकाल उलट. इंग्लंडमधील एका गृहस्थांनी जानेवारी २०१८ मध्ये एका पैजकंपनीच्या खेळात घरबसल्या सुमारे १७ लाख पौंड जिंकले. खेळाच्या रचनेत दोष होता असे सांगून कंपनीने पैसे नाकारले व आपल्या लांबलचक अटींकडे बोट दाखविले. २०२१ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने त्या अटी संदिग्ध असून खेळणाऱ्याच्या नजरेस नीट आणलेल्या नाहीत असे ठरविले आणि रक्कम त्या गृहस्थांना देवविली. दोन्हीकडे यंत्रणा चुकली होती. फरक पडला तो लिहिलेला नियम स्पष्ट होता की नव्हता, एवढ्यानेच.

तिसरा वाद न पिसलेल्या पत्त्यांचा. अमेरिकेतच अटलांटिक सिटी येथील एका कॅसिनोत एप्रिल २०१२ मध्ये कारखान्यातून पिसून आले असे समजून पत्त्यांचे जोड खेळात घेतले गेले. ते पिसलेलेच नव्हते. तेच पत्ते त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येत आहेत हे १४ खेळाडूंच्या ध्यानी आले. त्यांनी १० डॉलरच्या जागी ५,००० डॉलर लावावयास आरंभ केला आणि १५ लाखांहून अधिक डॉलर जिंकले. कॅसिनोने काही रक्कम दिली, उरलेली अडविली, आणि दिलेलीही परत मागितली. तीन वर्षांनी न्यायाधीशांनी ठरविले की, न पिसलेल्या पत्त्यांचा खेळ मुळात कायदेशीरच नव्हता. यास्तव खेळाडूंनी जिंकलेले परत करावे आणि कॅसिनोने त्यांची मूळ रक्कम परत करावी.

चौथा वाद चतुराईचा. फिल आयव्ही हा अमेरिकेतील नामांकित पत्तेबाज. पत्त्यांच्या पाठीवरील नक्षी कडेला किंचित असमान असते, हे त्याने व त्याच्या सोबतिणीने हेरले. नशीब उजळावे म्हणून अमुक पत्ते फिरवून ठेवा, असे सांगून त्यांनी पत्ते वाटणाऱ्याकडून हवे ते पत्ते उलटे करून घेतले, आणि पुढे पाठीवरूनच ते ओळखले. लंडनच्या कॅसिनोत ऑगस्ट २०१२ मध्ये त्याने अशा रीतीने सुमारे ७७ लाख पौंड जिंकले. कॅसिनोने ते दिले नाहीत. अटलांटिक सिटीच्या दुसऱ्या एका कॅसिनोने त्याच वर्षी त्याला ९६ लाख डॉलर दिले, आणि कळल्यावर २०१४ साली ते परत मागण्यासाठी दावा लावला. २०१६ साली तेथील न्यायालयाने एक कोटीहून अधिक डॉलर परत करण्याचा हुकूम केला, आणि पुढे २०२० साली उभय पक्षांत तडजोड झाली. लंडनच्या वादात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑक्टोबर २०१७ रोजी जो निकाल दिला तो आपल्यासारख्या कसोटीच्या दगडावर पिढ्यान्‌पिढ्या सोने घासणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. आपण फसवणूक करीत नाही असे आयव्हीला मनापासून वाटत होते, हे न्यायालयाने नाकारले नाही. परंतु प्रामाणिकपणाची कसोटी ज्याच्या त्याच्या मनाची नसून सामान्य सभ्य माणसांच्या मापाची असते, असे सांगून त्याची कृती फसवणूकच ठरविली.

आता आपल्या मुलाकडे वळू. त्याचे प्रकरण या चारांपैकी कशात बसते? यंत्र बिघडले नव्हते, पत्ते खोटे नव्हते, त्याने युक्तीही केली नव्हती. साधी मोजणीची चूक होती, आणि ती त्याला त्याच क्षणी कळली होती. 'देवाने दिले' हे त्याचे मत होते. सभ्य माणसांच्या मापाला ते उतरले नसते. मी त्याला म्हणालो, 'अरे, पैसे परत द्यायचेच आहेत. पण किती, कोणाला आणि कशाच्या आधाराने, हे आधी ठरू दे.'

हिशेब मागण्यात काही अपमान आहे असे त्याच्या वडिलांना वाटत होते. मी त्यांना द्रौपदीची आठवण दिली. हस्तिनापूरच्या सभेत द्यूत संपल्यावर तिने रडून दया मागितली नाही, आधी प्रश्न विचारला की, जो स्वतःलाच हरून बसला होता त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय? भीष्मांनाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. जुगाराचे देणे खरोखर लागते की नाही, हा प्रश्न इतका जुना आहे, आणि तो भर सभेत विचारण्यात कमीपणा नाही.

आम्ही पत्र लिहिले. ईमेलने पाठविले आणि स्पीड पोस्टानेही पाठविले. त्यात धमकी नव्हती, आणि कबुलीची घाईही नव्हती. 'आपल्या दूरध्वनीनुसार मला जास्त रक्कम मिळाल्याचे आपले म्हणणे आहे. जे खरोखर जास्त आले असेल ते परत करण्यास मी तयार आहे. कृपया त्या दिवसाची तारीख व वेळ, कोणत्या किमतीच्या किती चकत्या घेतल्या त्याची नोंद, दिलेल्या रकमेचे व्हाउचर, आणि तेथील कॅमेऱ्याचे चित्रण तपासले असल्यास त्यावरील आपला लेखी खुलासा पाठवावा. तसेच कंपनीच्या नावे असलेल्या बँक खात्याचा तपशील द्यावा.' एवढाच मजकूर.

पंधरा दिवसांनी उत्तर आले, त्यासोबत व्हाउचरची प्रत. उलगडा झाला तो असा. १,००० च्या दहा चकत्या ५,००० च्या समजून मोजल्या गेल्या होत्या. म्हणजे १०,००० चे ५०,००० झाले. तूट शोधणाऱ्याने ५०,००० चा आकडा पाहिला आणि तो सगळाच जास्तीचा धरला. त्यातले १०,००० मुलाच्याच चकत्यांचे होते, हे घाईत विसरले गेले. आमच्या वजाबाकीचे ४०,००० बरोबर निघाले, आणि कंपनीने तसे लिहून दिले.

त्या पत्रात आणखी एक गोष्ट होती. फोनवर दिलेला क्रमांक कंपनीचा नव्हता. तो खिडकीवरच्या कारकुनाचा स्वतःचा होता. तूट त्याच्या पगारातून कापली जाणार होती, म्हणून घाबरून त्याने परस्पर फोन केला होता. पोलिसांची धमकीही त्याचीच. मुलगा ते वाचून बराच वेळ गप्प बसला. मित्रांनी सांगितले होते की, नुकसान झाले तर ते लुटणाऱ्या धनिकाचे होईल. प्रत्यक्षात ते त्याच्याच वयाच्या, महिन्याच्या पगारावर घर चालविणाऱ्या एका नोकराचे होणार होते. कॅसिनोच्या मालकाला त्या रकमेचा पत्ताही लागला नसता.

दुसऱ्या दिवशी मुलाने ४०,००० रुपये बँकेतून कंपनीच्या खात्यात भरले, आणि या व्यवहारात आता कोणतेही येणे उरले नाही अशी पावती मागवून घेतली. पावती आली त्या संध्याकाळी त्याच मोबाइल क्रमांकावरून पुन्हा फोन आला. पलीकडचा मुलगा फारसे काही बोलू शकला नाही. 'थँक्यू दादा' एवढेच म्हणाला.

बंधूंनो, या हकिगतीवरून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो आणि संपवितो.

एक, असा निरोप आला की फोनवर हो किंवा नाही म्हणू नका. सर्व लेखी मागा. जो खरा येणेकरी आहे त्याला हिशेब देण्यात अडचण नसते. दोन, पैसे कंपनीच्या खात्यातच भरा, कोणा व्यक्तीच्या क्रमांकावर कदापि नाही. आमच्या प्रकरणात तो क्रमांक घाबरलेल्या कारकुनाचा निघाला, पण 'चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत पाठवा' असे सांगून लुबाडणारे ठकही पुष्कळ आहेत. संशय आला तर पैसे हलविण्यापूर्वी आपल्या बँकेला विचारा, आणि फसवणूक झाल्यास १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब कळवा. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर तर संसदेने २०२५ साली बंदीचाच कायदा केला आहे, तेव्हा तसल्या खेळाच्या नावाने कोणी मागणी केली तर दुप्पट सावध राहा. तीन, खिडकीवरून हलण्यापूर्वी तेथेच, कारकुनासमोर, पैसे मोजा. जास्त असतील तर तेथेच परत करा. तेथे ज्या कामाला एक मिनिट लागते, त्यालाच नंतर एक महिना लागतो. चार, पत्रे, व्हाउचर, पावती निदान तीन वर्षे जपून ठेवा.

आणि आईबापांना एक विनंती. बभ्रा होईल या भीतीने मुलाला घाईने पैसे भरावयास लावू नका. मागितलेला आकडा न तपासता भरणे म्हणजे मुलाला हिशेबापासून पळावयास शिकविणे होय. तो मुलगा आपल्याकडे आला, निदान माझ्याकडे तरी आला, म्हणून मार्ग निघाला. लाजेने तो एकटाच राहिला असता तर मित्रांचे ऐकले असते, आणि त्या खिडकीवरचा पोरगा अजून पगारातून तूट फेडीत असता.

तो पुन्हा कॅसिनोत गेला का, असे मला काही जण विचारतात. मी त्याला विचारले नाही, त्यामुळे तसे छातीठोक सांगू शकत नाही. दिवाळीला भेटावयास आला तेव्हा त्याच्या खिशात एक लहान वही होती. महिन्याचा जमाखर्च तीत लिहिलेला होता. पहिल्याच पानावर ४०,००० ची नोंद होती, आणि तिच्यापुढे कंसात लिहिले होते, 'परत केले'. मी ती वही पाहिली आणि त्याला लाडू दिला.